नायिकेची कंबर

आमच्या वेळच्या मराठी कादंबरीत नायिकेला कंबर असे, पण कंबरेला माप नसे. ती शेलाटी असे, नाजूक असे, फार झालं तर मुठीत मावणारी. कुणाच्या मुठीत, ते गुलदस्त्यात! ना. सी. फडक्यांची नायिका वाचता वाचता मी खुशाल तिच्या जागी स्वतःला बसवी आणि वर एक पोळी जास्त खाई. उपमा ही नऊवारी लुगड्यासारखी. कुणाच्याही अंगाला बसते. आकडा म्हणजे शिवलेलं पोलकं.

हे पोलकं माझ्या भाचीला भेटलं 'स्वीट व्हॅली हाय' या अमेरिकन मालिकेत. फ्रान्सिन पास्कलबाईंची ही मालिका १९८३ साली सुरू झाली. त्यात एलिझाबेथ आणि जेसिका या सोळा वर्षांच्या जुळ्या बहिणी. एक गुणी, दुसरी बेरकी. स्वभाव दोन टोकांचे, पण कंबरेबाबत एकमत. कपड्यांचं माप दोघींचंही 'परफेक्ट' सहा. या 'परफेक्ट'मध्येच सगळी गोम आहे. सहा परफेक्ट, तर आठवाली नापासच की! जास्त मार्क पडले म्हणून नापास करणारी परीक्षा मी दुसरी पाहिली नाही.

भाची तेव्हा चौदाची. अमेरिकेतलं सहा म्हणजे किती इंच, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. आपण सहा नाही, एवढं मात्र तिनं पक्कं धरलं. त्या होळीला पुरणपोळी 'नको' म्हणाली. तिच्या आईला वाटलं, पोरगी प्रेमात पडली.

पुढे २००८ साली ही पुस्तकं नव्यानं निघाली, तेव्हा सहाचे चार झाले. आता तिकडच्या दुकानांत मापंच सैल होत गेलीत, जुन्या सहाचा झगा हल्ली चार म्हणूनही खपेल, हे खरं. पण चौदा वर्षांची पोर हा हिशेब मांडून का कादंबरी वाचते? आणि कथेला तरी त्या चाराचा काय उपयोग? एक प्रेमभंग टळला नाही की एक भांडण मिटलं नाही. त्याच आवृत्तीत बहिणींची लाल फियाट जाऊन जीप आली. ते मी समजू शकते, मोटार जुनी होते. सोळा वर्षांच्या पोरीची कंबर कशी हो जुनी होते?