पलंगाचा कोपरा

पलंग नीट पाहायचा तर गादी उचलावी लागते. दुकानात आपण उशाकडच्या फळीवरची नक्षी बघतो, पॉलिशवरून बोट फिरवतो, खालचा कप्पा ओढून बघतो आणि भाव विचारतो. पण पलंग पिढीभर टिकणार की दोन पावसाळ्यांत करकरायला लागणार, हे चार कोपऱ्यांत ठरतं, जिथे पायाला पट्टी मिळते. लाकूड किती जाडजूड वापरलं याला त्या मानानं फार महत्त्व नाही. माझ्या भाचीनं पुण्यात घराच्या गच्चीवर केलेला पलंग मला इतका आवडतो तो त्याच्या कोपऱ्यांसाठी. त्याआधी भिंतीवरची एक फळी सोडली तर तिनं लाकडाचं काही केलेलं नव्हतं.

लाकूड जुनं सागवान, पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं. जुन्या सागाचं सुकणं, वाकणं, पिळवटणं जे काही व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं. त्रास आतल्या खिळ्यांचा. वखारीत चिरायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा उपटावा लागतो, नाहीतर करवतीचं पातं जातं. खिळा निघाला तरी भोवती काळा डाग राहतो. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचं ते काम. भाचीनं डाग घालवण्याच्या फंदात न पडता पट्ट्या अशा लावल्या की बहुतेक डाग आतल्या अंगाला गेले. एकच मोठा डाग पायथ्याच्या पट्टीवर दर्शनी ठेवलाय. बाकी सगळी पट्टी साधी, रेषा सरळ, आणि मध्येच ते एक काळं वर्तुळ. पलंगावर दुसरा दागिना नाही आणि तो हवाही नव्हता.

आता कोपरा. पाय ३ इंच चौरस. पट्ट्या ६ इंच रुंद, दीड इंच जाड आणि धारेवर उभ्या. फळी उभी लावण्याला कारण आहे. भाराखाली फळी किती वाकेल हे तिच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतं. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून या पट्ट्यांना आणखी लाकडाची गरज नाही. शिवाय पलंग झोपणाऱ्याच्या वजनानं सहसा खिळखिळा होत नाही. कडेवर बसून उठताना, कूस बदलताना, केर काढायला पलंग सरकवताना जे आडवे हिसके बसतात, त्यांनी सांधा सैल होतो. मग लाकडावर लाकूड घासतं आणि रात्री आवाज येतो. सहा इंच उंचीची पट्टी पायाला जिथे टेकते तिथे तिला सहा इंचांचा सपाट खांदा मिळतो. हिसका बसला की हा खांदा पायावर दाबला जातो आणि कोपऱ्याला फिरू देत नाही. तीन इंची पट्टीला ही पकड मिळाली नसती.

उशाकडची आणि पायथ्याकडची आडवी पट्टी पायात कायमची बसवली आहे, कुसू आणि खाच करून. पण सहा इंच रुंदीचं एकच कुसू न काढता तिनं दोन काढली, वर एक, खाली एक, आणि मध्ये सव्वा इंचाची जागा सोडली. रुंद खाच कोरली असती तर पाय मध्येच पोकळ झाला असता, म्हणून दोन. ती मधली मोकळी जागाही वाया गेलेली नाही. लांब बाजूच्या पट्ट्या पलंग उलगडता यावा म्हणून बोल्टनं जोडल्या आहेत आणि तो बोल्ट बरोबर त्या दोन कुसवांच्या मधून आरपार जातो. तीन इंचांच्या पायात दोन दिशांनी दोन सांधे येतात आणि एकमेकांना शिवत नाहीत. मी गादी उचलून, टॉर्च लावून हे पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही. बाजूच्या पट्टीलाही अर्ध्या इंचाचं आखूड कुसू आहे. भार ते कुसू पेलतं, पट्टीला पिळू देत नाही. बोल्टकडे फक्त आवळून धरण्याचं काम आहे. बोल्टवरच भार टाकला की काही महिन्यांत भोक लांबट होतं. बाजारातल्या कितीतरी पलंगांचं दुखणं नेमकं हेच असतं.

नवशिक्याकडे नसतात ते लांब शिकंजे. पाच फुटी चौकट आवळून धरायची कशी? इथे तिनं फार जुनी युक्ती वापरली. पायातल्या खाचेतून आरपार भोक पाडलं आणि कुसवातलं भोक अर्धा सूत आतल्या बाजूला, खांद्याकडे सरकवलं. मग निमुळती केलेली लाकडी खुंटी ठोकली. खुंटी दोन्ही भोकांतून सरळ वाट काढू पाहते आणि त्या ओढीनं कुसू आणखी आत खेचलं जातं. शिकंज्याचं काम खुंटी करते आणि ती कायमची तिथेच राहते. सरस वाळून पुढेमागे निकामी झाला तरी ओढ राहणार. पायांवर खुंट्यांची गोल डोकी दिसतात, अंतरं सारखी, कारण तिनं चारही पाय एकमेकांना चिकटवून ठेवले आणि गुण्या धरून चौघांवर एकदमच रेघा मारल्या. प्रत्येक पाय वेगळा मोजला असता तर चार जागी चार चुका झाल्या असत्या. चौकट जुळल्यावर तिनं दोन्ही कर्ण सुतळीनं मोजले; ते सारखे भरले की आयत बरोबर, गुण्या लावत बसायला नको.

आतल्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. गादी सहा बाय पाच फुटांची. मधोमध एक लांब तुळई आणि तिच्याखाली जमिनीपर्यंत एक पाय. त्यामुळे आडव्या पट्ट्यांचा गाळा ६० इंचांवरून ३० वर आला आणि त्यांचं वाकणं आठव्या हिश्श्यावर. हा पाचवा पाय गाळला असता तर बाकीची सगळी हुशारी पहिल्या उन्हाळ्यातच गादीच्या खोलगटीत बुडाली असती.

एन्झो मारी या इटालियन डिझायनरनं १९७४ मध्ये मिलानमध्ये ‘आउटोप्रोजेत्तात्झिओने’ नावाचे आराखडे मांडले होते. टेबलं, खुर्च्या, कपाट, पलंग, सगळं साध्या फळ्या आणि खिळ्यांत. टपालखर्च पाठवणाऱ्याला ते तो फुकट देत असे. कारखानदार आणि व्यापारी सोडून कुणीही ते वापरावेत, अशी त्याची मोकळीक होती. स्वस्त फर्निचर हा त्याचा हेतू नव्हता. एकदा स्वतः टेबल ठोकलेला माणूस पुढे दुकानातल्या टेबलाकडे वेगळ्या नजरेनं बघेल, अशी त्याची धारणा होती. भाचीनं हे आराखडे पाहिले होते. तिनं खिळे मात्र नाकारले, आणि मला ते पटतं. मारीला एका दुपारी उभी राहणारी वस्तू हवी होती. हिला घर बदलताना चार बोल्ट काढून जिन्यातून उतरवता येणारा आणि पुन्हा तसाच घट्ट जुळणारा पलंग हवा होता. हातानं कोरलेला प्रत्येक सांधा थोडा वेगळा असतो, म्हणून तिनं पटाशीनं पायाच्या आतल्या अंगावर आणि त्याच्या जोडीच्या पट्टीवर एक, दोन, तीन, चार अशा रेघा कोरल्यात. कुणीही अनोळखी माणूस त्या रेघा जुळवून पलंग उभा करू शकेल. पट्टीची वरची कड, जिथे अंधारात नडगी आपटते, तेवढीच रंध्यानं गोल केली आहे. बाकी सगळ्या कडा कोऱ्या, टोकदार. हात फिरवला की कुठे विचार झालाय हे बोटांना समजतं. वर अळशीचं तेल आणि मेण, एवढंच.

माझा आक्षेप आहे तो उशाच्या फळ्यांवर. चार आडव्या फळ्या दोन खांबांच्या खोबणीत सरसाशिवाय, सूतभर फट ठेवून बसवल्या आहेत. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून ही मोकळीक योग्यच. पण खांब काटकोनात सरळ उभे आहेत आणि फळ्यांना पाठ टेकून वाचत बसता येत नाही. कल दिला की प्रत्येक सांधा तिरका कोरावा लागतो आणि पहिल्याच कामात ते टाळणं शहाणपणाचं होतं, हे मान्य. तरी वाट होती. खांब रुंद लाकडातून काढायचा, पट्टीच्या सांध्यापर्यंत सरळ ठेवायचा आणि त्याच्या वरचा भाग तेवढा मागे तिरका चिरायचा. सांधे काटकोनातच राहतात आणि फळ्यांना कल मिळतो. मी तिला हे कागदावर काढून दाखवलं. वाड्याच्या तुळईतला एक चार इंची तुकडा अजून गच्चीवर शिल्लक आहे.