पिशीमाची पेटी

बंगाली भूतकथेतला राखणदार जन्मतः एकटा नसतो, त्याला एकटं पाडलेलं असतं. रवींद्रनाथांच्या 1890च्या दशकातल्या ‘संपत्ती समर्पण’ या कथेत कंजूष यज्ञनाथ कुंडूला धनावर पहारा द्यायला यक्ष हवा असतो. म्हणून तो एका पोराला भुयारात धनासकट कोंडतो आणि ते पोर त्याचाच नातू निघतं. कोकणातल्या राखणदाराला निदान गावाकडून मानपान मिळतो, या यक्षाच्या वाट्याला अंधाराखेरीज काही नाही. त्याला माणसांत आणायचं कसं, हे कोडं कोलकात्याच्या कथाकारांना आणि दिग्दर्शकांना पुढे पुन्हा पुन्हा पडलेलं दिसतं. नुसत्या मायेने ते सुटत नाही. राखलेली वस्तू दुसऱ्याच्या कामी आली तरच नातं जुळतं, असं मला वाटतं.

शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या कादंबरीवरचा अपर्णा सेन यांचा ‘गयनार बाक्शो’ (2013) हा चित्रपट याची साक्ष देतो. बालविधवा पिशीमा, म्हणजे घरातली आत्या, पाचशे भरी (तोळे) सोन्याच्या दागिन्यांची पेटी आयुष्यभर उराशी धरते आणि मेल्यावरही सोडत नाही. घरात नव्याने आलेली, बोलताना अडखळणारी सून सोमलता हिला ती धमकावून पेटी लपवायला लावते. दोघींच्या नात्याची सुरुवात धाकातून होते, जिव्हाळ्याचा मागमूस नसतो. सोमलता दागिने गहाण टाकून साड्यांचं दुकान काढते, तेव्हा पिशीमाचा संताप अनावर होतो. पण पेटी जिवंत बाईच्या हाती चालती झाल्यावरच त्या दोघी एकमेकींच्या होतात. मौसमी चटर्जी यांनी ही म्हातारी इतकी तोंडाळ आणि हावरी रंगवली आहे की तिची कीव करायची सोयच उरत नाही.

बंगाली भूत मुळातच प्रेमळ, त्याला माणसांत आणायचं कशाला, असं कुणी म्हणेल. सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या चित्रपटातला (1969) भुतांचा राजा तीन वर देऊन मोकळा होतो, हे खरं. पण तो दाता आहे. त्याला गमवायचं काहीच नाही, म्हणून नातंही नाही. ‘गयनार बाक्शो’तल्या विनोदाने भीती पातळ होते, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र पिशीमा सुनेला परपुरुषाच्या मोहात ढकलू पाहते तेव्हा हसू येतं आणि त्याखाली तिचं करपलेलं आयुष्यही दिसतं. तिथे भीतीची जागा काहीतरी अधिक बोचरं घेतं.

खरी अडचण वेगळीच आहे. अनीक दत्त यांच्या ‘भूतेर भविष्यत’मध्ये (2012) भुतं जुना वाडा राखतात, बिल्डरला पळवून लावतात, नव्या भुतांच्या मुलाखती घेऊन त्यांना आसराही देतात. संवाद चमकदार आहेत. पण वाडा वापरायला, तिथे संसार मांडायला जिवंत वारस कुणी नाही, त्यामुळे भुतांची मैत्री भुतांपुरतीच राहते. ‘गयनार बाक्शो’ मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत जातो, तिथे दागिने 1971च्या बांगलादेश मुक्तिलढ्याला जातात. हा भाग घाईने जोडल्यासारखा आहे. तरीही पेटी रिकामी करण्याचं धाडस त्यातच आहे.