'अर्' आणि 'चुकणे'

इंग्रजीतील 'अर्' या क्रियापदास 'चूक करणे' हा प्रतिशब्द आपल्याकडे सर्रास योजला जातो. एरवी तो खपून जातो. परंतु यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीतून अपिलाची कारणे लिहिण्याची वेळ आली, की त्यातील दोष ध्यानात येतो. इंग्रजी अपिलात, खालच्या न्यायालयाचा अमुक निष्कर्ष बरोबर नाही, हे सांगताना 'अर्' हेच क्रियापद वापरण्याचा प्रघात आहे. त्यात ठपका नसतो; निर्णय सरळ वाटेवरून बाजूला गेला, एवढेच अदबीने सुचविलेले असते. 'विद्वान न्यायाधीशांनी चूक केली' या वाक्यात मात्र कर्त्यावर बोट रोखले जाते, आणि 'विद्वान' हे विशेषण उपरोधाचे वाटू लागते.

'अर्' हा शब्द लॅटिन 'एर्रारे'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ भटकणे. संस्कृत 'भ्रम्' धातूपासून 'भ्रमण' आणि 'भ्रम' हे दोन्ही शब्द निघाले, तसाच हा प्रकार होय. मराठीत हे काम करावयास 'चुकणे' पुरेसे समर्थ आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' धातूचे जे आदेश सांगितले, त्यांत 'चुक्क' आणि 'भुल्ल' हे शेजारी शेजारी येतात. चुकणे म्हणजे मुळात काही करणे नव्हे, ढळणे होय. म्हणूनच 'वाट' हे कर्म समोर असूनही आपण 'त्याने वाट चुकली' म्हणत नाही. 'तो वाट चुकला' असेच म्हणतो. दुसरा आदेश 'भुलणे' होऊन वऱ्हाडीत 'विसरणे' या अर्थाने आजही नांदतो. पुण्याकडील वाचकास तेथे मोहाचा वास येतो, त्याला वऱ्हाडकराचा इलाज नाही. (कापसाच्या 'चुकाऱ्या'शी मात्र या 'चुकण्या'ची सांगड घालू नये. तो शब्द अर्थाने हिंदी 'चुकाना'च्या, म्हणजे देणे फेडण्याच्या, बाजूचा आहे.)

तेव्हा 'हा निष्कर्ष काढण्यात न्यायालय चुकले आहे' असे लिहिणे आम्हांस अधिक युक्त वाटते. 'चुकले' हे घरगुती म्हणून कित्येक जण 'प्रमाद घडला' असे लिहितात. पण प्रमादात गाफीलपणा गृहीत आहे, म्हणजे ठपका उलट वाढतोच.

एका ठिकाणी मात्र 'चुकणे'ही कामाचे नाही. सावधगिरीच्या संबंधात हे क्रियापद एका इंग्रजी वाक्प्रचारात येते, आणि त्याचे 'सावधगिरीच्या बाजूने चूक करणे' असे भाषांतर आढळते. त्यातून मराठी वाचकास काहीच बोध होत नाही. तेथे धातू सोडून द्यावा आणि 'थोडे अधिक जपलेले बरे' असे सरळ लिहावे.