कृत्रिम मूत्रपिंड : पुस्तकाने अर्ध्यावर सोडलेली गोष्ट

पाचगणी हे निवासी शाळांचे गाव, तसेच एके काळी ते क्षयरोग्यांचेही गाव होते. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 साली तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. परिणामकारक औषधे येण्यापूर्वी विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हेच क्षयावरचे मुख्य उपचार होते. आजाऱ्याने नीट खाल्ले पाहिजे, हे अशा गावाला वेगळे सांगावे लागत नाही. मूत्रपिंडाच्या आजारात मात्र आहाराची चर्चा 'हे बंद, ते बंद' यावरच संपते; आणि बंदच्या यादीत डाळ, दूध, अंडी अग्रभागी असतात. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते. ती दूर करायला शालेय पुस्तक किती मदत करते, हे आपण पाहू.

एन.सी.ई.आर.टी.च्या 2007 सालापासून शिकवल्या गेलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात कृत्रिम मूत्रपिंडावर एक चौकट आहे. चौकट चांगली आहे. निरोगी मूत्रपिंडात रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक परत शोषला जातो, हे ती सांगते. यंत्रात असे पुनर्शोषण होत नाही, हेही सांगते. सगळी गोम याच वाक्यात आहे, आणि पुस्तक नेमके येथेच थांबते.

पुनर्शोषण नाही म्हणजे काय? यंत्रातल्या पडद्याला उपयुक्त आणि निरुपयोगी हा भेद कळत नाही. तो रेणूचा आकार पाहतो. युरियाचा रेणुभार 60. प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांचा 75 ते 204. रक्तातील अल्ब्युमिनचा सुमारे 66,000. अल्ब्युमिन बहुतांशी अडते, पण अमिनो आम्ले युरियाबरोबर निघून जातात. यंत्रातील द्रवात नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ नसतात, असे चौकट म्हणते. ते खरे आहे. पण सहसा त्यात अमिनो आम्लेही नसतात, हे ती सांगत नाही. त्यामुळे फक्त घाणच बाहेर जाते असा विद्यार्थ्याचा समज होतो. प्रत्यक्षात एका बैठकीत साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्ले जातात, आणि अशा बैठका आठवड्यातून दोन-तीन वेळा असतात.

म्हणूनच सल्ला उलटतो. अमेरिकेतील 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आजार बराच वाढलेल्या पण डायलिसिस सुरू न झालेल्या आणि मधुमेह नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.55 ते 0.60 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. डायलिसिसवर गेल्यावर 1.0 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे 50 किलो वजनाच्या माणसाला आधी सुमारे 30 ग्रॅम आणि नंतर 50 ते 60 ग्रॅम. कमी प्रथिनांचा आहार 1963-64 च्या सुमारास इटलीतील जिओर्दानो आणि जिओव्हानेत्ती यांच्या कामामुळे रूढ झाला. तेव्हा डायलिसिस फार थोड्यांना मिळत असे. उपचार बदलला, पथ्याची समजूत तशीच राहिली.

याची किंमत मोठी आहे. अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या 1990 सालच्या अभ्यासात, रक्तातील अल्ब्युमिन कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ठळकपणे जास्त आढळला. अल्ब्युमिन दाहानेही घटते, त्यामुळे सगळा दोष आहारावर टाकता येणार नाही. पण झिजणारे शरीर धोक्यात असते, हे खरेच.

याचा अर्थ सगळे खुले, असाही नव्हे. प्रथिनांबरोबर फॉस्फरस येतो, आणि यंत्र तो पुरेसा काढू शकत नाही. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने भरपूर, फॉस्फरस अगदी थोडा. डाळींतला फॉस्फरस पूर्ण शोषला जात नाही. डबाबंद पदार्थांत वरून घातलेला मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. नेमके प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनीच ठरवायचे.

आमचा आक्षेप चुकीच्या माहितीबद्दल नाही, अर्धवट सोडलेल्या तर्काबद्दल आहे. पोषण एका भागात आणि उत्सर्जन दुसऱ्या भागात शिकवल्याने प्रथिने म्हणजे केवळ युरियाचे मूळ उरतात. शिक्षकांनी ही चौकट शिकवताना एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : ''पुनर्शोषण होत नसेल, तर युरियाबरोबर आणखी काय जाईल?'' उत्तर मुले स्वतः काढतील. आणि ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, तो मुलगा ते उत्तर घरीही घेऊन जाईल.