दगडी कोळशाची अर्धी कथा

दगडी कोळशाविषयीं मराठींत जें सुबोध शास्त्रीय वाङ्मय आहे, त्यांतील कथा बहुधा एकाच साच्याची असते: पूर्वीं घनदाट अरण्यें होतीं, धरणीकंप झाला, अरण्यें गाडलीं गेलीं, आणि दाब व उष्णता यांच्या योगानें त्यांचा कोळसा बनला. ही कथा सर्वस्वी खोटी नाहीं. परंतु ती अर्धी आहे, आणि गळलेला अर्धा भागच अधिक महत्त्वाचा आहे, असें आमचें मत आहे.

दलदली पृथ्वीवर असंख्य झाल्या आणि नष्ट झाल्या. कोळसा मात्र मोजक्याच खोऱ्यांत उरला. याचें कारण वृक्षांत नव्हे, वृक्षांखालच्या भूमींत शोधिलें पाहिजे. दामोदर खोऱ्यांतील राणीगंज व झरिया हीं क्षेत्रें घ्यावीं. सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीं, पर्मियन काळांत, तेथील भूमि एका दणक्यांत नव्हे, तर लाखों वर्षें हळूहळू खचत होती. त्या खळग्यांत नद्या वाळू व गाळ आणीत, आणि पात्रांमधल्या पाणथळ जागीं अर्धवट कुजलेला पाचोळा, ज्यास पीट म्हणतात, सांचत असे. खचणें फार मंद असेल तर पीट उघडें पडून कुजतें किंवा नदी तें खरवडून नेते. फार जलद असेल तर दलदलीचें सरोवर होतें, अथवा तिजवर वाळू पसरते. सांचण्याचा व खचण्याचा वेग दीर्घकाळ जुळेल तेथेंच जाड थर बनतो. सिंगरौलीच्या झिंगुर्दा थराची जाडी सुमारे 130 मीटर आहे. एका धरणीकंपानें एवढा थर कसा व्हावा? झरियांत तर कोळसा, पंकाश्म व वालुकाश्म यांचीं आवर्तनें एकावर एक रचलेलीं आहेत. प्रत्येक आवर्तन भूमीच्या हालचालीनेंच झालें असेंही नव्हे. नदी आपण होऊनही पात्र बदलते. पण तो सारा गाळ सांठविण्यास जागा दिली ती खचत्या भूमीनेंच.

अधिक काळजीनें लिहिणारे विभंगांचा उल्लेख करितात, म्हणजे अशा भेगांचा कीं ज्यांच्या एका अंगाचा खडक खालीं सरकला आहे. दामोदरच्या क्षेत्रांच्या दक्षिण सीमेवर असे मोठे विभंग आहेत. परंतु हे लेखकही दोन निरनिराळ्या गोष्टी एक करितात. थर विभंगाकडे जाड होत गेले असतील, तर गाळ सांचत असतांनाच विभंग हालत होता. एकाच जाडीचे थर तेथें एकदम तुटले असतील, तर तें सरकणें मागाहूनचें. पहिल्या हालचालीनें कोळशास जागा मिळते; दुसरीनें तो खोल जाऊन झिजेपासून वांचतो, आणि खाणींत अकस्मात् नाहींसाही होतो. शिवाय, वालुकाश्मांतील तिरक्या थरांवरून त्या काळच्या नद्या बहुतांशी वायव्येकडे वाहत असें दिसतें; आजची दामोदर पूर्व व आग्नेयेकडे वाहते. तेव्हां आजच्या नकाशावरून जुन्या खोऱ्याची कल्पना करणें फसवें आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. गोंडवन हें या खडकांचें नांव 1872 सालीं मेडलिकॉट यांनीं गोंडांच्या देशावरून योजिलें, आणि चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा त्याच कुळांतला आहे. आपल्या कोळशांत राख इतकी कां, असें घरांतील मुलानें विचारिलें, तर अर्ध्या कथेपाशीं उत्तर नाहीं. पिटाबरोबर सूक्ष्म गाळही नदीनें त्याच खळग्यांत आणून मिसळला, हें उत्तर पूर्ण कथाच देऊं शकते. लेखकांनीं अरण्याचें वर्णन थोडें आवरावें, आणि नदीस व खचत्या भूमीस त्यांचा वांटा द्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे.