ट्विस्टर ऑन ट्यूझडे

ट्विस्टर ऑन ट्यूझडे : (म. शी. मंगळवारची वावटळ). अमेरिकन बालसाहित्यिका मेरी पोप ऑझ्बर्न (२० मे १९४९– ) हिची कालप्रवासपर बालकादंबरिका. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक ट्री हाउस’ (म. शी. झाडावरील जादूचे घर) ह्या मालेतील हे तेविसावे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक भाषांत अनुवादित झालेल्या ह्या मालेच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्यामुळे जगातील असंख्य मुलांना इतिहासाचा पहिला परिचय पाठ्यपुस्तकाआधी ह्या मालेतून होतो. तीत इतिहास कसा मांडला जातो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

पेनसिल्व्हेनियातील फ्रॉग क्रीक ह्या काल्पनिक गावी राहणारी जॅक व ॲनी ही भावंडे झाडावरील एका घरात जाऊन पुस्तकातील चित्राकडे बोट दाखवतात आणि त्या चित्रातील स्थळी व काळी जाऊन पोहोचतात. कॅमेलॉटच्या रक्षणासाठी मॉर्गन ल फे ह्या जादूगारणीला चार विशेष लेख हवे असतात. त्यांपैकी ‘शिकण्याजोगे काही’ आणण्यासाठी ती दोघे १८७० नंतरच्या दशकातील कॅनझसच्या प्रेअरीवर येतात. तेथील एकखोली शाळेत एक तरुण शिक्षिका मोजक्या मुलांना शिकवीत असते. भावंडे परतण्याच्या बेतात असतानाच क्षितिजावर टॉर्नेडो दिसतो. तेव्हा घरी पळून न जाता ती शाळेकडे धावतात आणि सर्वजण जमिनीखालील तळघराचा आश्रय घेतात.

कादंबरिकेची ऐतिहासिक पार्श्वभूमी बव्हंशी विश्वसनीय आहे. १८६२ च्या ‘होमस्टेड ॲक्ट’नुसार पाच वर्षे वास्तव्य करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर भूमी जवळजवळ विनामूल्य मिळे. प्रेअरीवर लाकूड दुर्मिळ असल्याने वसाहतकरी गवताच्या मुळांनी घट्ट बांधल्या गेलेल्या मातीची ढेपळे कापून घरे व शाळा बांधीत आणि गव्यांच्या वाळलेल्या शेणी जाळीत. शिक्षिका पुष्कळदा आपल्या थोरल्या विद्यार्थ्यांएवढ्याच वयाच्या असत. लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) ही विख्यात लेखिका स्वतः सोळावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच शिक्षिका झाली होती. वादळाची पूर्वसूचना त्या काळी मिळत नसे. टॉर्नेडोचे पहिले यशस्वी कार्यकारी पूर्वानुमान ओक्लाहोमातील टिंकर ह्या हवाई तळावर २५ मार्च १९४८ रोजी केले गेले. तत्पूर्वी आकाशाचा रंग व वाऱ्याचा आवाज हीच काय ती सूचना होती.

ह्या पार्श्वभूमीवर लेखिकेची मुख्य क्लृप्ती लक्षात येते. एल्. फ्रँक बॉमच्या द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ (१९००) मध्ये कॅनझसमधील वादळ मुलीला उचलून जादूच्या देशात नेते. येथे क्रम उलटा आहे. जादू मुलांना वादळापर्यंत आणून सोडते आणि तेथून पुढे निरुपयोगी ठरते. मुलांच्या उपयोगी पडते ते जॅकच्या झोळीतील माहितीचे पुस्तक. प्रेअरीवरील मुलांना जे ठाऊक नव्हते, ते येथे कालप्रवासी मुलांच्या रूपाने त्यांच्या मदतीला येते. वाचनाने प्राण वाचू शकतात, हे तत्त्व उपदेश न करता बालवाचकाच्या मनावर ठसते. छोटी वाक्ये, वेगवान संवाद आणि भित्रा पण अभ्यासू भाऊ व धीट बहीण ह्यांतील विरोध ही शैलीची वैशिष्ट्ये होत. पात्रे मात्र ठोकळेबाज आहेत. शिक्षिकेचे एकाकीपण सूचित होते, पण फुलत नाही.

कादंबरिकेची खरी मर्यादा संकटाच्या स्वरूपात आहे. कालप्रवाशाला परतीचा मार्ग नेहमी मोकळा असतो, त्यामुळे वादळ काही क्षणांचे थरारक साहस ठरते. १२ जानेवारी १८८८ रोजी डकोटा व नेब्रॅस्का ह्या भागांत आलेल्या हिमवादळाची आठवण येथे उद्बोधक ठरते. सकाळी हवा सौम्य असल्याने मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली होती. दुपारी अकस्मात वादळ कोसळले आणि सुमारे २३५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. मिनी फ्रीमन ह्या तरुण शिक्षिकेने छप्पर उडालेल्या शाळेतून आपल्या विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर नेले. इतर अनेकांना ते साधले नाही. वाइल्डरच्या द लाँग विंटर (१९४०) मध्ये एकाच हिवाळ्यातील हिमवादळांची मालिका महिनोन्‌महिने चालते आणि उपासमार हळूहळू घरात शिरते. तेथे धोका हा प्रसंग नसून जगण्याची स्थिती आहे. ऑझ्बर्नच्या वादळाला हे परिमाण लाभत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. येथे वसाहतकऱ्यांचा एकमेव प्रतिपक्ष निसर्ग आहे. ही भूमी कोणाची होती, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. दक्षिण कॅनझसमधील ओसेज लोकांना १८७० नंतर आपली उरलेली भूमी सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. वाइल्डरच्या लिट्ल हाउस ऑन द प्रेअरी (१९३५) मध्ये ओसेज दिसतात ते पूर्वग्रहदूषित दृष्टीतून. तिच्या लेखनातील अशा चित्रणामुळेच २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथपाल संघटनेने तिच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. तथापि त्या सदोष पुस्तकात भूमीसंबंधीचा तंटा तरी दृष्टीस पडतो. ऑझ्बर्नच्या निर्दोष कथेत तोही नाही. तिला ह्या विषयाची जाण नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तिचा जन्मच ओक्लाहोमातील फोर्ट सिल येथे, मैदानी जमातींविरुद्धच्या मोहिमांसाठी १८६९ मध्ये उभारलेल्या लष्करी तळावर झाला. त्याच मालेतील बफेलो बिफोर ब्रेकफास्ट (१९९९) ह्या पुस्तकात भावंडे लाकोटा लोकांना भेटतात आणि त्यांचे चित्रण सहानुभूतीने केलेले आहे. परंतु लाकोटा एका पुस्तकात व वसाहतकरी दुसऱ्या पुस्तकात, अशी ही विभागणी आहे. एकाच गवताळ मैदानाचे दोन इतिहास वेगळ्या वेष्टनांत ठेवल्याने एकाच्या आगमनाचा दुसऱ्याच्या विस्थापनाशी असलेला संबंध बालवाचकाच्या ध्यानात येत नाही.

सात-आठ वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकाकडून संपूर्ण इतिहासाची अपेक्षा धरणे अन्याय्य होईल. वाचनाची गोडी लावणे आणि शालेय जीवनातील कष्टांची जाणीव करून देणे, ही आपली उद्दिष्टे ते उत्तम रीतीने साधते. मात्र ते एकटे वाचू न देता बफेलो बिफोर ब्रेकफास्टच्या जोडीने वाचावयास दिल्यास दोहोंचेही मोल वाढते. वादळ कोठून आले, हे पहिले पुस्तक सांगते. माणसे कोठून आली व कोठे गेली, हा प्रश्न दोन्ही शेजारी ठेवल्यावरच मुलाला सुचतो.