'प्रेडिक्ट' या शब्दाचं ओझं: कुस्तीवरचा एक पेपर नीट वाचताना

कुस्तीपटूंच्या ताकदीवर किंवा फिटनेसवर सिनॉप्सिस लिहायला घेतलात की पहिल्या काही संदर्भांतच एक पेपर तुमच्या हाती पडेल. 2011 साली 'युरोपियन जर्नल ऑफ अप्लाइड फिजिओलॉजी'मध्ये आलेला, गार्सिया-पायारेस आणि सहकाऱ्यांचा. शीर्षक आहे 'फिजिकल फिटनेस फॅक्टर्स टु प्रेडिक्ट मेल ऑलिम्पिक रेसलिंग परफॉर्मन्स'. पेपर चांगला आहे, म्हणूनच त्यावर लिहितोय. वाईट पेपरवर टीका करून शिकायला फारसं काही मिळत नाही.

आधी त्यांनी काय केलं ते बघू. एकूण 92 पुरुष मल्ल घेतले. वजनाप्रमाणे तीन गट केले: हलका (55 ते 68 किलो), मध्यम (68 ते 84) आणि जड (84 ते 100). प्रत्येक गटात पुन्हा दोन भाग, एलिट आणि हौशी. म्हणजे एकूण सहा गट. मग सगळ्यांची ताकद, पॉवर, उडी, हाताची पकड, पाठीची ताकद, धावण्याचा वेग, मांडीमागच्या स्नायूंची लवचिकता असं बरंच काही मोजलं. हातांनी पेडल फिरवायची विंगेट चाचणीही घेतली. कुस्तीगीराला पायांच्या सायकलवर बसवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

निकाल: एलिट मल्लांची कमाल ताकद 8 ते 25 टक्के जास्त, स्नायूंची पॉवर 14 ते 30 टक्के जास्त, विंगेटमधली पॉवर 13 ते 22 टक्के जास्त, पकड 6 ते 19 टक्के जास्त. चरबीचं प्रमाण, धावण्याचा वेग आणि लवचिकता यांत फरक सापडला नाही.

आता कौतुकाची गोष्ट. ताकद नुसती किलोत न देता त्यांनी ती शरीराच्या वजनाशी अ‍ॅलोमेट्रिक पद्धतीनेही जुळवून दिली. हे बरेच विद्यार्थी टाळतात, कारण 'प्रतिकिलो ताकद' काढणं सोपं असतं. पण साधा भागाकार हलक्या माणसाची बाजू घेतो. ताकद स्नायूच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, वजन घनफळावर, म्हणून वजनाचा साधारण दोन-तृतीयांश घात घेतात. एक काल्पनिक उदाहरण घ्या. 60 किलोचा मल्ल बेंच प्रेसवर 80 किलो उचलतो, 90 किलोचा मल्ल 108 किलो. साधा भागाकार केला तर 1.33 आणि 1.20, म्हणजे हलका पुढे. दोन-तृतीयांश घाताने भागलं तर 5.22 आणि 5.38, म्हणजे जड पुढे. माणसं तीच, लोखंड तेच, क्रम उलटा. तुमच्या प्रबंधात वेगवेगळ्या वजनांचे पैलवान असतील तर हा हिशोब आधीच ठरवून टाका, निकाल बघितल्यावर नको.

मग अडचण कुठे आहे? निकालांच्या यादीत आणखी एक आकडा आहे, तो वाचताना आपण घाईघाईने पुढे सरकतो. एलिट मल्लांचा सराव हौशींपेक्षा 25 ते 37 टक्के जास्त वर्षांचा होता. वयही 8 ते 12 टक्के जास्त. टक्क्यांत बघितलं तर वरच्या यादीतला सगळ्यांत मोठा फरक ताकदीचा नाहीच, सरावाच्या वर्षांचा आहे. म्हणजे दहा वर्षं आखाड्यात घालवलेल्या माणसाची तुलना साडेबारा-तेरा वर्षं घालवलेल्या माणसाशी झाली. दुसऱ्याची पकड जास्त निघाली तर ती पकडीमुळे जिंकतो, की जास्त वर्षं टिकला म्हणून पकडही वाढली आणि डावही पक्के झाले? या आराखड्यातून ते कळायला मार्ग नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, तेही कळायला मार्ग नाही.

हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास आहे, म्हणजे एका दिवशी काढलेला फोटो. फोटोत जो उंच दिसतो तो पुढच्या वर्षी शर्यत जिंकेल असं आपण म्हणत नाही ना? 'प्रेडिक्ट' म्हणायचं तर माप आधी हवं आणि यश नंतर. इथे यश आधीच मिळालेलं आहे, त्याच आधारावर गट पाडलेत आणि मग मापं घेतलीत. हा फरकांचा अभ्यास आहे. तो नीट केलेला आहे, पण शीर्षकातला तो एक शब्द त्याला पेलत नाही.

एक टीका व्हायवात नेहमी होते: इतक्या चाचण्या घेतल्या तर वीसात एक फरक योगायोगानेच येणार. ती इथे मला फारशी लागू वाटत नाही. योगायोग असता तर फरक इकडेतिकडे विखुरले असते; इथे ताकद आणि पॉवरच्या चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवतात. उलट जिथे फरक सापडला नाही तिथे सावध राहा. जड गटात एलिट फक्त 10 आणि हौशी 15 होते. एवढ्या लहान गटांत मध्यम आकाराचा खरा फरकही निसटू शकतो. 'वेगात फरक आढळला नाही' याचा अर्थ 'वेगाला महत्त्व नाही' असा सिनॉप्सिसमध्ये लिहू नका.

नियमांचंही बघायला हवं. 2005 ते 2013 या काळात ऑलिम्पिक कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती आणि प्रत्येक फेरीचा निकाल स्वतंत्र लागायचा. 2013 पासून तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंदांची विश्रांती, आणि गुणांची एकत्र बेरीज. 30 सेकंद जीव तोडून पेडल मारण्याच्या चाचणीचं वजन या दोन्ही खेळांत सारखंच असेल असं गृहीत धरता येत नाही. आणि आपल्याकडची मातीवरची निकाली कुस्ती तर चितपट होईपर्यंत चालणारी. 'महाराष्ट्र केसरी'त गादी आणि माती असे दोन वेगळे विभाग असतात. तुमचं सॅम्पल कोणत्या विभागातलं आहे हे न लिहिता 'कुस्तीपटू' एवढंच लिहिलेले प्रबंध मी वाचलेत.

हे सगळं शब्दांचे कीस काढणं नाही, कारण या पेपरचा वापर पुढे कशासाठी होतो ते बघा. एलिटची पकड जास्त, म्हणून पकड मोजा. पकड मोजा, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या निवड चाचणीत डायनॅमोमीटर ठेवा. आकडा कमी आला तर पोरगं घरी. त्या वयात एकाच इयत्तेतल्या दोन पोरांत शारीरिक वाढीचं अंतर दोन-तीन वर्षांचं असू शकतं. एकाला मिशी फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. डायनॅमोमीटर तिथे कुस्तीची गुणवत्ता मोजत नाही, वय मोजतो. प्रौढ पुरुषांच्या फोटोवरून काढलेला निष्कर्ष पोरांच्या भाकितासाठी वापरला जातो आणि मध्ये कुणी थांबवत नाही, कारण शीर्षकातच 'प्रेडिक्ट' लिहिलंय.

आपल्याकडे याचं दुसरं रूप म्हणजे 'बारा आठवड्यांच्या अमुक प्रशिक्षणाचा तमुकवर होणारा परिणाम'. प्रायोगिक गटाला नेहमीचा सराव अधिक वेट ट्रेनिंग, नियंत्रण गटाला फक्त नेहमीचा सराव. बारा आठवड्यांनी फरक आला तर तो वेट ट्रेनिंगचा की नुसत्या जास्तीच्या तासांचा? निदान दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ जादा जोर-बैठका आणि दोर चढणं द्या. आणि प्रायोगिक गटात p 0.03 आला, नियंत्रण गटात 0.09 आला, 'म्हणून प्रशिक्षण परिणामकारक' हा निष्कर्ष चुकीचा आहे, कितीही प्रबंधांत असला तरी. दोन गटांमधल्या फरकाचीच थेट चाचणी घ्यावी लागते. शिवाय दोन्ही गटांतली पोरं एकाच तालमीत झोपतात, एकाच हौद्यात उतरतात. एकाला नवा व्यायाम दिसला की दुसरा रात्री तो करून बघणारच.

मग करायचं काय? पीएचडीच्या वेळेत बसेल असं एक काम आहे. एखाद्या तालमीत नव्याने आलेल्या मल्लांची मापं आल्याबरोबर घ्या आणि तीन वर्षं त्यांच्यामागे राहा. सरावाची वर्षं, शारीरिक वाढ आणि दुखापती यांची नोंद ठेवा. खुराकाचा खर्च कोण उचलतं हेही लिहा. दूध-बदामाचे पैसे नाहीत म्हणून थांबलेला मल्ल तुमच्या एलिट गटात कधीच दिसणार नाही, आणि 'एलिटमध्ये अमुक जास्त असतं' या वाक्यात तो गायब झालेला असतो. गळती हा तुमचा डेटा आहे. गाईड म्हणतील, सॅम्पल कमी होतंय. होऊ दे, पण कोण का गेलं ते लिहा.

वस्तादांना पहिल्या भेटीत मशीन दाखवू नका. गेल्या पाच वर्षांत तालमीतून कोण कोण गेलं आणि कशामुळे, एवढं विचारा. बहुतेकांना ती नावं तोंडपाठ असतात. नावांऐवजी क्रमांक घाला, कारणं मात्र त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या: गुडघा, नोकरी, वडील वारले, शेतीला माणूस नव्हतं.